पात्याखालचा झोपलेला स्नायू

डॉक्टरांनी मला पाठमोरं उभं करून हात वर करायला लावले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघा, उजवं पातं कसं बाहेर येतंय." आजाराचं नाव स्कॅप्युलर डिस्कायनेसिस. म्हणजे हात उचलताना खांद्याचं पातं बरगड्यांवरून नीट सरकत नाही. एकसष्ट वर्षांत मी स्वतःची पाठ पाहिलेली नाही, त्यामुळे वाद घालता आला नाही.

तक्रार साधी होती. उजवा हात कानापर्यंत जात नव्हता आणि मला केस बांधता येत नव्हते. वेणी हे घालत. जन्मभर यांनी सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात फायली बांधल्या, वेणीही तशीच: करकचून, शेवटी नाडीची गाठ. ती घेऊन मी बाजारात जात होते.

हॉस्पिटलच्या दारात संगमरवर होता, कारंजं होतं. उपचार मात्र एका भिंतीवर होता. तिला तळवे टेकून ढकलायचं, मग हात सरकवत वर न्यायचे. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. परीक्षेत जादा पुरवण्या घेणाऱ्या घरातली मी. पन्नास वेळा केलं. वर हातात तूरडाळीचा किलोचा पुडा घेऊन हात उचलले, ते कोणी सांगितलंही नव्हतं.

सहा आठवड्यांनी दुखणं वाढलं. फिजिओथेरपिस्ट सबिहानं पाठीवर चिकट्या लावल्या. ही सरफेस ईएमजी, कातडीवरून स्नायूतली वीज टिपणारी तपासणी. मी हात उचलला. पडद्यावर वरची रेघ उसळली, खालची सपाट.

"अम्मा, गर्दन के पास का मसल पूरा काम कर रा. पाते के नीचे का सो रा."

"तो जगाव उसकू," हे म्हणाले.

"चिल्लाने से नई उठता अंकल."

मी हुकूम केला, विनवणी केली. रेघ हलली नाही. माझ्याच पाठीतला स्नायू, आणि त्याला माझी ओळख नाही. सहा आठवडे मी भलत्यालाच पोसत होते. तिथेच स्टुलावर बसून रडले. सबिहा चिकट्या काढत राहिली, ते बरं केलं.

डाळ परत डब्यात गेली. आता फक्त पाच वेळा, सावकाश, आणि खांदा न उचलता, नाहीतर मानेजवळचा स्नायूच काम उरकून टाकतो. कोणीतरी पात्याखाली दोन बोटं टेकवायची, म्हणजे काम कुठे करायचंय ते मेंदूला कळतं. यांची बोटं गार असतात. सही कुठे करायची ते दाखवावं तसं म्हणतात, "इथे."

तीन महिने झाले. खालची रेघ आता मुंगीच्या वारुळाएवढी उठते. पूर्ण बरं होईल का, विचारलं तर डॉक्टर "बघू" म्हणतात. तुमच्यावर ही वेळ आली तर सांगितलंय तेवढंच करा, आणि पाठ बघायला कुणाला तरी जवळ बसवा. आपल्याला ती दिसत नाही.

काल हे वेणी घालत असताना मी उजव्या हातानं केसांचं रबर कानाशी धरून उभी राहिले.

"खांदा उचलू नकोस," हे मागून म्हणाले.

मी खांदा खाली घेतला. हात तिथेच राहिला.