पाकिटावरची अंबूबाई

शनिवारी सकाळी अंबूबाईनं खोक्याची चिकटपट्टी नखानं फाडली, झाकण उघडलं आणि तोंड मागं घेतलं. आतला बेदाणा पिवळाधमक होता. सगळे दाणे एका रंगाचे, एका तकाकीचे. तिनं एक दाणा उचलून दोन बोटांत फिरवला आणि नाकाशी नेला. घशात कोरडी खवखव उठली.

"राजी, ह्यो माल कुठला?"

तिची सून राजेश्वरी दुकानाच्या काउंटरवर पाकिटं लावत होती. "बाजारातनं आणलाय, आत्ती. काल टेम्पो आलता."

"धुरीचा हाय."

राजेश्वरीनं मान वर केली नाही. तिच्या हातातल्या पाकिटावर अंबूबाईचाच फोटो होता. हिरवं लुगडं, नाकात नथ, ओंजळभर बेदाणा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'अंबूआजींच्या हातचा, गंधकाची धुरी न दिलेला बेदाणा.'

पलूसच्या बाहेर, तासगावच्या वाटेवर 'वेलमाया' नावाची ही जागा. द्राक्षाची बाग, तिच्या कडेला वाईन करायचा कारखाना, राहायला दहा खोल्या आणि एक दुकान. शनिवारी पुण्याहून गाडी भरून माणसं यायची, साताऱ्याला थांबून कंदी पेढे घ्यायची, दुपारी इथं मांडवाखाली जेवायची, वाईन चाखायची. रविवारी दुकानातून भडंग, हळद, काकवी आणि अंबूआजींचा बेदाणा घेऊन परत जायची. दुकानापुढच्या पडवीत घोंगडं टाकून अंबूबाई बेदाणा निवडत बसे. लोकांना ते बघायला आवडायचं. काहीजण शेजारी बसून फोटो काढून घ्यायचे.

निवडण्यात तिचा हात धरणारी बाई त्या भागात नव्हती. उजव्या हातानं चांगला दाणा पुढं, डाव्यानं काडीचा, काळा, पोचट दाणा मागं. नजर मात्र भलतीकडंच. जतच्या कोरड्या रानातून ती लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिनं द्राक्षाची वेल कधी पाहिली नव्हती. ती आणि तिचा नवरा कोंडीबा, दोघं इथले बागायतदार सयाजीदादा यांच्या बागेत कामाला लागले. बागेतलं काम संपलं की शेडमधलं. शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पंधरा दिवस द्राक्ष वाळायची, त्याचा बेदाणा व्हायचा. मग तो धुऊन बंद खोलीत ठेवायचा आणि गंधक पेटवून रात्रभर धूर द्यायचा. ती धुरी. धुरीनं मालाला रंग चढतो, बाजारात भाव येतो. सकाळी त्या खोलीचं दार पहिल्यांदा उघडायचं काम कोंडीबाचं होतं. तोंडाला ओला टॉवेल बांधून तो आत शिरायचा आणि डोळे पुसत बाहेर यायचा. बारा हंगाम त्यानं ते केलं. पुढं त्याला आडवं पडून झोप येईना. उशीला पाठ टेकून, बसूनच रात्र काढायचा. डॉक्टरांनी कागदावर दमा एवढंच लिहिलं, कशानं ते लिहिलं नाही. अंबूबाईला कागदाची गरज नव्हती.

कोंडीबा गेल्यावर वर्षभरानं सयाजीदादांचा नातू ऋषिराज तिच्या दारात आला. 'वेलमाया' नुकतं उभं राहत होतं. "अंबूकाकू, बेदाण्याचं काम तुम्ही बघा," म्हणाला.

"बघते. पर धुरी द्यायची न्हाई. येक बी रॅकला न्हाई."

"मग रंग कसा येणार?"

"यील तो यील. खाणाऱ्याच्या पोटात कुटं उजेड लागतोय!"

ऋषिराज हसला आणि कबूल झाला. तो शहरात शिकलेला. बिनधुरीचा तपकिरी, किंचित चिकट बेदाणा पुण्याची माणसं मुद्दाम शोधतात, हे त्याला ठाऊक होतं. तिची अट त्याच्या सोयीची निघाली. पाच वर्षं तो शब्द दोघांनी पाळला. राजेश्वरीला काउंटरचं काम मिळालं तेही त्यातूनच. राजेश्वरीनं जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसून काम केलं, कॉम्प्युटरवर बिल काढायला शिकली. गावातल्या बायका तिला 'मॅडम' म्हणून चिडवत आणि चिडवलेलं तिला आवडे.

हातातला दाणा तसाच मुठीत धरून अंबूबाई ऋषिराजकडं गेली. तो गाडीची वाट बघत फाटकापाशी उभा होता.

"ऋषी, ह्यो माल माझ्या पाकिटात न्हाई भरायचा."

"काकू, गेल्या हंगामाचा आपला माल संपला. नवा अजून रॅकवर आहे. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"मग दोन आठवडं दुकानात बेदाणा न्हाई म्हून सांग."

"लोक तेवढ्यासाठी येतात हो. आणि त्यांना काय कळतंय?"

"त्यास्नी न्हाई कळत. मला कळतंय की!"

"आज नको, काकू. पाहुणे येतायत." तो घड्याळ बघत पुढं निघून गेला.

अंबूबाई परत आली तेव्हा राजेश्वरी दारातच उभी होती. तिनं सासूचा हात धरला. "आत्ती, तुमच्या पाया पडते. गप बसा. तुमचं ठीक हाय, तुमी निवडायला कुटं बी जाशीला. मला ही खुर्ची परत कोण देणार?"

अंबूबाईनं हात सोडवून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. निवडायला बसायचं नाही म्हटल्यावर हाताला दुसरं काहीतरी हवं होतं. तिनं खर्ड्याच्या मिरच्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. तव्यावर मिरच्या फुटायला लागल्या, बाकीच्या बायका खोकत बाहेर पळाल्या. ती एकटी तिथं बसून वाटीच्या बुडानं मिरच्या रगडत राहिली.

दुपारी मांडवाखाली पंगत बसली. ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर, भरलं वांगं, दही आणि तो खर्डा. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि दोन टेबलं एकदम गप्प झाली. एका गृहस्थांच्या टकलावर घाम जमला. त्यांनी दह्याची वाटी तोंडाला लावली.

"खर्डा भन्नाट आहे," डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले. "अगदी गावाकडची चव!"

"आणखी वाढू का?" अंबूबाईनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. गृहस्थांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

जेवणानंतर वाईन चाखायचा कार्यक्रम झाला. माणसं पेला तिरका धरून हलवत होती, त्यात नाक घालून डोळे मिटत होती. एकीला पेरूचा वास आला, एकाला ओल्या मातीचा. काहीजण घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकत होते.

"थुंकायचीच हाय तर घेत्यात कशाला?" ताटं उचलणारी हरणाबाई कुजबुजली.

अंबूबाईला हसू आलं नाही. एवढी नाकं पेल्यात घालणारी ही माणसं. पेरू कळतो, माती कळते, आणि पाच पावलांवर गंधक फुंकणारी खोकी आहेत ते कुणाला कळत नाही. ती मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होती. ऋषिराजला, टेम्पोवाल्याला, टकलावर घाम आलेल्या त्या बिचाऱ्या गृहस्थांना. सगळ्यांत जास्त स्वतःला.

कारण त्या फोटोतली नथ तिची नव्हती. फोटोच्या दिवशी ऋषिराजनं मेकअपवालीकडून ती आणली होती. "माझा नवरा गेलाय रं, नथ कशी घालू?" ती म्हणाली होती. "फोटोपुरती, काकू. छान दिसतं." फोटोपुरती म्हणून तिनं घालू दिली. नथ चापाची होती, नाक दुखलं होतं. तिथंच चुकलं, असं तिला आता वाटत होतं. एक खोटं चेहऱ्यावर चढवू दिलं, म्हणून ह्यांना दुसरं चढवायची हिंमत झाली.

रविवारी सकाळी दुकानात गर्दी झाली. ऋषिराज स्वतः उभा होता. त्यानं अंबूबाईला पडवीत बसायला सांगितलं आणि ती बसली. राजेश्वरीचा चेहरा तिला दारातून दिसत होता, म्हणूनच बसली. पुढ्यातल्या सुपात तोच पिवळा माल होता. ती निवडत नव्हती, नुसते हात हलवत होती.

पन्नाशीच्या एक बाई पाकीट हातात घेऊन तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. सोबतची माणसं त्यांना दीपालीताई म्हणत होती.

"पाकिटावरच्या आजी तुम्हीच ना?"

"व्हय."

"माझं माहेर रहिमतपूरचं. लहानपणी एकदा बेदाणा खाल्ला आणि अशी धाप लागली, वडिलांनी खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. धुरी सोसत नाही मला. तेव्हापासून बेदाणा नाही, शिऱ्यातला काढून ठेवते." त्यांनी पर्समधून दम्याचा पंप काढून दाखवला आणि हसल्या. "हे वाचलं, म्हटलं चाळीस वर्षांनी खावा. छापलेल्यावर माझा विश्वास नाही बरं का. तुम्ही सांगा. खाऊ?"

त्यांनी पाकीट फोडलंच होतं. दोन दाणे तळहातावर होते.

अंबूबाईनं दाराकडं पाहिलं. राजेश्वरी बिल काढता काढता थांबली होती. नुसती बघत होती. आणि अंबूबाईला उशीला टेकून बसलेला कोंडीबा दिसला, तोंड उघडं, खांदे वर चढलेले.

तिनं हात पुढं केला आणि त्या बाईंच्या तळहातावरचे दाणे उचलून घेतले.

"खाऊ नका. धुरीचा हाय."

"पण इथं तर..."

"तिथं माझं तोंड हाय. आत माझा माल न्हाई."

दुकानातली माणसं दाराकडं वळली. ऋषिराज हसत बाहेर आला. ते हसू त्यानं आतूनच ओठांवर घेतलेलं होतं. "काकूंचं वय झालंय हो, कधी कधी गोंधळ होतो त्यांचा."

अंबूबाई उठली. सुपातला बेदाणा घोंगड्यावर सांडला.

"गोंधळ? माझा? अरं, डोळ्यावर फडकं बांध आन् शंभर दाणं पुढं टाक, त्यातला येक धुरीचा काढून देते! तुझ्या आजानं जल्मभर धुरी दिली, पर सौद्यात छातीवर हात ठिवून सांगितली, 'धुरीचा हाय, घ्या न्हाईतर जावा.' तू शिकलास, गड्या. धुरीचा इकून धुरी न्हाई म्हणाय शिकलास. ही बाई हितं धाप लागून पडली असती तर? तवा बी फोटोकडं बोट दाखवून म्हणला असतास, म्हातारीचा गोंधळ झाला?"

"काकू, आत चला."

"न्हाई येत. त्या खोलीचं दार उघडून उघडून माझा माणूस गेला. तुला धूर दिसला न्हाई, रंग दिसला."

टकलावर घाम आलेल्या गृहस्थांनी हातातली चार पाकिटं मुकाट्यानं काउंटरवर ठेवली. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही. दीपालीताई अजून उकिडव्याच होत्या. अंबूबाईच्या पायाला हात लावायला त्या वाकल्या, तर ती दोन पावलं मागं सरकली. "आवं, पाया कशाला पडताय? पंप ठिवा पिशवीत, पडंल."

संध्याकाळी दोघी घरी आल्या. दारात चप्पल काढताना राजेश्वरी एकदम वळली. "तुमचं खरं झालं, आत्ती. झालं समाधान? आता माझ्या खुर्चीवर कोण बसंल ते बी सांगा." राग अजून अंबूबाईच्या अंगात होता, पण आता तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तिनं कोरडी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवून दिली.

सोमवारी सकाळी ऋषिराजचा फोन आला. राजेश्वरी 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलली. फोन ठेवून तिनं केस विंचरले, डबा भरला.

"काय म्हणाला?"

"या म्हणाला. पाकिटांवरची लेबलं काढायची हाईत. साधी लावायची, धुरीचा म्हून." जरा थांबून ती म्हणाली, "तुमाला न्हाई बोलावलं."

"न बोलवू दे. लेबलं माझ्या तोंडाची हाईत." अंबूबाईनं पदर खोचला.

ऋषिराज दुकानातच होता. अंबूबाईला पाहून त्याचा जबडा आवळला. मग त्यानं एक खुर्ची तिच्याकडं सरकवली. ती घोंगड्यावर बसली. माफी त्यानं मागितली नाही आणि तिनंही मागू दिली नसती. तिघं पाकिटांचे ढीग पुढ्यात घेऊन लेबलं सोलू लागली. थोड्या वेळानं दुकानाचा फोन वाजला.

"हो, बेदाणा आहे," राजेश्वरी म्हणाली. तिनं ऋषिराजकडं पाहिलं नाही, सासूकडंही नाही. "पण आत्ताचा धुरीचा आहे. बिनधुरीचा हवा असेल तर पंधरा दिवस थांबा."

अंबूबाईचे हात क्षणभर थांबले. मग तिनं पुढचं पाकीट ओढलं. लेबल पक्क्या डिंकाचं होतं, धड निघत नव्हतं. लुगडं सुटलं, ओंजळ सुटली, कपाळ फाटून आलं. नाक तेवढं नथीसकट प्लास्टिकला चिकटून राहिलं. तिनं अंगठ्याचं नख लावलं आणि दातओठ खाऊन ते खरवडायला सुरुवात केली.

"राहू दे, काकू," ऋषिराज म्हणाला. "त्यावरच नवं लेबल लागेल."

"न्हाई," अंबूबाई म्हणाली. "आधी निगू दे."