सलीमभाईंचा कॉम्प्युटर झोपेना

आधीच सांगतो, मी अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. माझ्या लेखी प्रत्येक बिघाडाला कारण असतं... सापडलं नाही तर आपण कमी पडलो, एवढंच. देवधर्म, भूतबित यात मी कधीच पडलो नाही.

मूर्तिजापूरला सलीमभाई आणि रफीकभाई या दोघा भावांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नाही, विहिरी आटलेल्या — मोटारी आणणार कोण? त्यातच सलीमभाई बिल टाइप करता करता खुर्चीतच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. अकोल्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होते.

रफीकभाईंनी मला बोलावलं. "हा कॉम्प्युटर झोपूनच नाही राहिला. लोडशेडिंगमधी इन्व्हर्टर उतरून जाते."

"मग बंद करून टाका ना. बिल मी सेव्ह करून देतो."

"नाही. भाई जसं सोडून गेले तसंच राहू द्या. फक्त झोपवा त्याले."

मी पॉवर सेटिंग तपासलं. माउस काढला, कीबोर्ड काढला, नेटची वायर काढली. स्लीप दिलं की स्क्रीन काळी व्हायची, पंखा थांबायचा... आणि लगेच पुन्हा सुरू. समोर तेच अर्धं बिल. दुपारपर्यंत झटलो, शेवटी हात टेकले. माउस-कीबोर्ड परत जोडले आणि चहा घेत बसलो.

आम्ही कोणी हात लावला नव्हता, आणि स्क्रीन विझली. पंखा थांबला. मी वाट पाहिली — सुरू झाला नाही. कॉम्प्युटरवरचा बारीक दिवा तेवढा मंद लुकलुकत होता.

"झालं काम," मी म्हणालो.

रफीकभाईंचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाले, "उठवा त्याले."

"अहो, तुम्हीच तर..."

"उठवा म्हणतो ना."

मी माउसकडे हात नेला, तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून वहिनी, सलीमभाईंच्या बायको. रफीकभाईंनी तो उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुमच्या भाईजाननं डोये उघडले. पानी मागून राहिले."

पुढं तो कॉम्प्युटर नीट झोपायचा, नीट उठायचा. जाणकारांना विचारलं. कोणी ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष म्हणालं, कोणी योगायोग. मला आजही पटेल असं कारण सापडलेलं नाही.

सलीमभाई आता काठी टेकत दुकानात येतात. एकदा विचारलं त्यांनी, "माह्या कॉम्प्युटरले झालं काय होतं हो?"

"सेटिंग," मी म्हणालो.

रफीकभाई मोटारीची तार गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.