घरच्या गाडीचा नवस

सौंसरात चंद्रकलाबाईंना कोणी विचारलं, घरी गाड्या किती, तर त्या सात सांगत. आणि बाजारात कशानं आल्या विचारलं, तर पायी म्हणत. दोन्ही खरंच होतं. त्यांच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, संत्री ठेवायच्या शेडमध्ये जन्मभर जुन्या गाड्या जमवल्या. एक फियाट, एक जीप, दोन अँबेसेडर, आणि बाकीच्यांची नावं बाईंनी कधी ध्यानात ठेवली नाहीत. प्रत्येक गाडीवर कव्हर, कव्हराखाली चादर, आणि चादरी बाईंच्या ट्रंकेतल्या. असून अडचण, नसून खोळंबा, दुसरं काय! कुठं जायचं म्हटलं की बॅटरी उतरलेली, नाहीतर रस्त्यावर धूळ फार. बायकोला धूळ लागली तर चालते, गाडीला लागली की चालत नाही.

हेही त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण चार वर्षांपूर्वी वामनरावांच्या छातीत कळ आली तेव्हा सातातली एक गाडी सुरू होईल तर शपथ. शेवटी शेजारच्या गजेंद्रनं संत्र्याच्या पिकअपमधली क्रेटं बाजूला सारली आणि त्यांना नागपूरला नेलं. बाई मागं बसल्या, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. तिथूनच त्यांनी जामसांवलीच्या मारुतीला हात जोडले. देवा, हे पायानं चालत घरी येऊ दे, मी घरच्या गाडीनं येईन आणि तुला रोडगे चढवीन. 'घरच्या गाडीनं' हे तोंडातून कसं निघालं, त्यांनाच ठाऊक नाही. रागातच निघालं असेल. पण देवापुढं गेलेला शब्द, तो काय परत घेता येतो?

मारुतीनं आपलं काम चोख केलं. वामनराव चालत घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये शिरले. जामसांवली ती कितीशी लांब! पण आज कार्ब्युरेटर, उद्या टायर, परवा आणखी काही. बसनं जा ना, वामनराव म्हणत, देव काय तिकीट पाहते? देव नाही पाहत, बाई म्हणत, पण मी बोलून बसली ना. किती शनिवार आले आणि गेले. नवस अंगावर ठेवून घास गोड लागत नाही, हे त्या माणसाला सांगून सांगून बाईंची जीभ थकली.

मग नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा फोन आला, तुमचा संग्रह पाहायला येतो म्हणून. झालं, वामनरावांच्या अंगात वारं शिरलं. बायकोसाठी कधी न मिळालेली बॅटरी दोन दिवसांत घरी आली, आणि फियाट चक्क धडधडायला लागली. एवढी एकच हो, बाकी सहा जागच्या हलेनात. क्लबवाल्यांना गाडीतून फेरी मारायची होती, ती जामसांवलीपर्यंत ठरली. वारही नेमका शनिवार. देवानंच जुळवून आणलं, असं बाईंना वाटलं.

"मागच्या सीटवर तुले बसवतो," वामनराव म्हणाले. "आता तं झालं?"

शनिवारी बाईंनी उजाडायच्या आत गोवऱ्या पेटवल्या. जाड कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजले, राख झटकली, तुपात बुडवले. ठेवणीतलं हिरवं पातळ नेसल्या. मग पाहुणे आले. सगळे मोठे लोक, बोलायला गोड. बोनेट उघडा, बोनेट लावा, चहा, पुन्हा चहा. कोणीतरी विचारलं, काकू, तुम्हालाही गाड्यांची आवड असेल ना? बाईंनी कपबशा उचलल्या. असल्या प्रश्नाला काय कपाळ उत्तर द्यायचं!

निघायच्या वेळी त्या रोडग्यांचा डबा घेऊन फियाटपाशी गेल्या. पुढं वामनरावांच्या शेजारी एक पाहुणा बसला होता. मागं क्लबचे सेक्रेटरी अनिलराव, आणि त्यांच्या बाजूला कॅमेऱ्याच्या दोन बॅगा. खाली ठेवल्या तर धक्का बसतो म्हणे. वामनरावांनी बायकोकडं पाहिलं, बॅगांकडं पाहिलं. पाहुण्यांना कसं सांगू, असं पुटपुटत त्यांनी तिच्या हातातला डबा तेवढा आत घेतला. दुसरा एक पाहुणा भला होता, आमच्या गाडीत या म्हणाला. पण ती पडली नागपूरची गाडी, ती घरची कशी होणार? फियाट फाटकाबाहेर गेली. चंद्रकलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दुपार कलल्यावर वामनराव एकटेच फियाट घेऊन परतले. पाहुणे तिकडूनच नागपूरला गेले होते. स्वारी भलती खुशीत. रोडगे देवाला दाखवले, मग झाडाखाली बसून सगळ्यांनी खाल्ले, अनिलरावांनी तर दोनदा मागून घेतले, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात त्या अशा!

"चल, तुहा नवस बी फिटला," ते म्हणाले. "घरची गाडी गेली, रोडगे गेले. अजून काय पायजे देवाले?"

"बोलली मी होती," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "गाडी नव्हती बोलली. तुमच्या जिवासाठी बोलली होती."

त्यांनी डबा उघडला. तळाशी दोन रोडगे उरले होते. झाकण लावून त्यांनी डबा काखेत घेतला, फियाटचं मागचं दार उघडलं आणि जाऊन बसल्या. वामनराव कव्हर घेऊन आले. उतर, म्हणाले, कव्हर टाकाचं आहे. बाई हलल्या नाहीत. इंजिन तापलं आहे, म्हणाले. मग म्हणाले, गाडीचे दिवे लागत नाहीत, वाटेत अंधार होईल. पलीकडं गजेंद्र पिकअप धूत होता, तो हातातलं काम सोडून पाहायला लागला. उद्या नेतो, वामनराव हळू आवाजात म्हणाले.

"टाका ना कव्हर," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "मी बसून आहे. आता उतरीन तं जामसांवलीलेच उतरीन."

आणि त्यांनी दार आतून ओढून घेतलं.