काझी मास्तरांच्या ओटीवर अर्थ लावताना

माणसं पांगली की किस्से वाढायला लागतात. आम्ही चौघं दर रविवारी भेटायचो, तेव्हा सांगण्यासारखं काही घडतंय असं वाटलंच नाही. आता तिघं नाहीत, आणि मला एकटीला पुरून उरतील एवढे किस्से झालेत!

सन पन्नासच्या आगेमागची गोष्ट. मी कल्याणात मुलींच्या शाळेत शिकवत होते. काझी मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. एकदा मला म्हणाले, "बाई, लहानपणापासून कुराण पाठ आहे. अर्थ विचाराल तर येत नाही." अरबी त्यांना वाचता यायची, कळायची नाही. कळणारी भाषा म्हणजे इंग्रजी, म्हणून मुंबईहून एक जाडजूड इंग्रजी भाषांतर आणलेलं.

शेजारचे लिमये गुरुजी ओटीवर पान जुळवत बसले होते. त्यांची भिक्षुकी. ते हळूच म्हणाले, "मास्तर, माझं रुद्र तसंच आहे हो."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही वाचायला बसलो.

* * *

चौथे लछमनदास. सिंधमध्ये शाळेत फारसी शिकवायचे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत राहून स्टेशनाबाहेर फाउंटन पेनं विकायचे. अरबी शब्द अडला की त्यांना विचारायचं.

पहिल्याच ओळीत गाडी अडली. रहमान आणि रहीम. इंग्रजीत 'मर्सी'वाला शब्द होता, पण लछमनदासांनी सांगितलं की दोन्हींच्या मुळाशी आईचं गर्भाशय आहे. मग दयाळू, कृपाळू वगैरे फिकं वाटायला लागलं. बराच खल झाला. शेवटी गुरुजींनी 'माया' हा शब्द काढला. आई लावते ती.

लछमनदास हसले. "हमारे यहाँ माया मतलब पैसा, जायदाद." मग म्हणाले, "वो तो उधर ही रह गई."

* * *

गावात कुजबुज सुरू झाली. काहींनी मास्तरांना विचारलं, साहेबाच्या भाषेत कुराण कशाला? माझ्या वडिलांनाही कुणी कुणी टोकून गेलं. पण खरं धरलं ते गुरुजींना, भर बाजारात. कुराण वाचताय, आता मुसलमान होणार का?

गुरुजी म्हणाले, "जन्मभर पंचांग वाचलं. ग्रह झालो का?"

* * *

भाषांतरात देवाला सगळीकडे 'दाऊ' आणि 'दी'. मला वाटलं, हे फार आदराचं असणार. मास्तरांनी सांगितलं की नाही, हे जुन्या इंग्रजीतलं साधं 'तू'. गुरुजी खूश झाले. म्हणजे देवाला अरेतुरे करणारे आपण एकटेच नाही!

आतून हलिमाबींचा, मास्तरांच्या बायकोचा, आवाज आला, "देवाला तू, आणि यांना मात्र अहो."

* * *

हलिमाबी ओटीवर कधी बसायच्या नाहीत. एकदाच बसल्या.

त्या दिवशी यूसुफची गोष्ट निघाली होती. मुलगा हरवलेला, बापाचे डोळे रडून रडून पांढरे झालेले. मास्तर वाचता वाचता थांबले आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. त्यांचा एकुलता एक मुलगा फाळणीत कराचीला गेलेला. त्याचं नाव त्या घरात निघत नसे.

मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते. मुलाचा सदरा घरी येण्याआधीच बापाला त्याचा वास आला, इथवर पोचले, तर हलिमाबी उंबरा ओलांडून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"शेवटी गावला का तो?" त्यांनी विचारलं.

"भेटला," मास्तर म्हणाले.

"मग आज हितंच थांबा."

आम्ही थांबलो. त्यांनी चहा केला.

* * *

लछमनदासांची आई छावणीत वारली. फार म्हातारी होती; शेवटी शेवटी बराकीच्या दाराशी बसून आपल्या शिकारपूरच्या मुसलमान शेजारणींना हाका मारायची. निरोप आला तसे आम्ही तिघं गेलो. अंगणात तिला निजवलेलं, भोवती पुष्कळ माणसं. घरदार सोडून आलेली, कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचा बाप.

मास्तर पुढे झाले, वाकले, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून अरबी निघून गेलं. मृत्यूची खबर ऐकली की मुसलमान माणूस म्हणतो ते. आपण सगळे त्याचे, त्याच्याकडेच परत जाणार, अशा अर्थाचं.

दोघंतिघं उठून उभे राहिले. गुरुजींनी मास्तरांचा दंड धरला. मास्तरांच्याही लक्षात आलं. चेहरा पार उतरला.

लछमनदास आईच्या उशाशी बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मास्तर, फिर से कहिए," ते म्हणाले. "ज़रा ज़ोर से. माँ को लगेगा, मोहल्लेवाले आ गए."