तळवड्याच्या शेडमधला ब्लूज

आमच्या बँडच्या अल्बममध्ये गाणी सात आहेत. किस्से किती, ते मोजायचं राहूनच गेलं, कारण चहाला भेटलो की कुणाला तरी एक नवाच आठवतो.

बँड म्हणजे आम्ही तिघं. ज्ञाना गिटार वाजवतो आणि गातो, बालाजी ड्रम्सवर, मी बास गिटारवर. पोटापाण्यासाठी तिघंही कंपनीत. अल्बम ब्लूज-रॉक आहे असं आम्ही म्हणतो, ऐकणारे वाट्टेल ते म्हणतात. ज्ञानाला त्याचं काही नव्हतं. त्याला फक्त एका माणसानं ऐकायला हवं होतं, त्याच्या वडिलांनी. अण्णांची उभी हयात भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेली. घरात पोराची गिटार सुरू झाली की ते उठून बाहेर जात.

*

बोटात नळी घालून तारांवरून सूर घसरवतात, त्या नळीला स्लाइड म्हणतात. बाजारातली काचेची ज्ञानाला पटेना. म्हणून त्यानं चाकणच्या कंपनीत, लेथवर, स्क्रॅपमधल्या बुशमधून, म्हणजे जाड धातूच्या नळकांड्यातून, स्वतःच एक केली. मागे सुपरवायझर येऊन उभा!

"हा कुठला पार्ट?"

"बोटाचा, साहेब."

साहेबांनी ती स्वतःच्या करंगळीत घालून पाहिली. म्हणाले, "आतून टाइट आहे. पॉइंट दोन अजून काढ. आणि कड घासून घे, बोट कापेल."

अल्बमवर वाजते ती हीच. पुण्यातले भलेभले गिटारवाले तिचा ब्रँड विचारतात. घडवली ज्ञानानं, पण छाती माझी फुगते.

*

बालाजी लातूरकडचा, लहानपणापासून हलगीवर हात बसलेला. दुसऱ्या गाण्यात संथ, उदास ब्लूज चालू असताना मध्येच त्यानं हलगीचा ठेका घातला. रेकॉर्डिंगला आलेला पुण्याचा साउंडवाला वैतागला, "अहो, हा ब्लूज आहे की वरात?"

बालाजीनं हातातल्या काठ्यासुद्धा खाली ठेवल्या नाहीत. "नवरी दिसायलीय का कुठं? मग ब्लूजच हाय की."

ठेका राहिला. आता लोक नेमकं तेच गाणं परत परत लावतात.

*

रेकॉर्डिंग तळवड्यात, मित्राच्या शेडमध्ये. शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारी प्रेस, आणि तिला रविवारीही ओव्हरटाइम. भिंतीला गाद्या लावल्या, तरी ठोका माइकमध्ये यायचाच. दोन रविवार वाया गेले.

तिसऱ्या रविवारी बालाजी बराच वेळ भिंतीला कान लावून बसला. मग म्हणाला, "त्यो प्रेसवाला आपल्यापेक्षा एकसारखा मारायलाय राव. आपणच त्याच्या मागं चालू."

चौथ्या गाण्याची लय आम्ही त्या प्रेसवर बसवली. त्यातला तो खालचा भरीव ठोका कुणाचा, असं कुणी विचारलं की आम्ही सांगतो, शेजारच्यांचा.

*

अल्बम आला त्या रविवारी काळेवाडीला ज्ञानाच्या घरी मोठा स्पीकर लावला. पहिलं गाणं सुरू झालं आणि अण्णा नेहमीसारखे उठले. ज्ञानाचा चेहरा उतरला. मला तर तिथं बसवेना.

अण्णा दाराकडे गेले नाहीत. ते स्पीकरपाशी गेले.

कारखान्याच्या आवाजानं त्यांचे कान बरेचसे गेलेत. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांतही मशीनवर नुसता तळहात ठेवून कुठलं बेअरिंग जातंय ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. तसाच तळहात त्यांनी स्पीकरच्या पेटीवर ठेवला आणि डोळे मिटले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. आमचा चहा निवला, तरी कुणी कप उचलेना. सातवं संपलं, तेव्हाही हात तिथंच होता.

ज्ञाना जवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, काय सापडलं का?"

"न्हाई. कुठंच काय ढिलं न्हाई," अण्णा म्हणाले. "मग बंद कशाला केलंस? चालू दे."