धानोऱ्याच्या बाया वाचायला लागल्या तेव्हा

जुन्या मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतेच, "तू धानोऱ्याचं सांग गं." मी एक सांगायला घेते आणि त्याच्या मागून चार येतात. इतके किस्से साठले, त्यात माझा काही दोष नाही. ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरहून धानोऱ्याला शाळेत शिकवायला गेले आणि दुपारचा बायांचा साक्षरता वर्ग माझ्या गळ्यात पडला, एवढाच माझा गुन्हा. आमचे बाबा म्हणायचे, आपण शिकलो तर आणखी दोघांना शिकवायचं. मी सतरा जणींना हो म्हणून बसले, आणि मग रोज एक धक्का!

*

पार्बताबाई चार महिन्यांत अडखळत का होईना वाचू लागली, आणि घरातलं दिसेल ते वाचत सुटली. एके दिवशी आली ती पांढरीफटक पडून. पदराखाली बाटली.

"बाई, हे मी बराबर वाचलं का?"

बाटलीवर लिहिलं होतं, 'फक्त गुरांसाठी'. तिचा नवरा ताकदीचं औषध म्हणून दोन वर्षं रोज दोन चमचे घेत होता! मी घाईने म्हटलं, "अगं, आधी त्यांना दवाखान्यात ने."

"नेलं ना. डाक्टर म्हंते तब्येत ठनठनीत हाये. आता तो सोडाले तयार नाई."

त्या आठवड्यात तिने न बोलावता अख्ख्या गल्लीतल्या बाटल्या वाचून दिल्या. एका घरात डोळ्यात घालायचं औषध कानात घालत होते. मी ते ऐकून दोन दिवस नीट जेवले नाही.

*

यशोदाबाईला बस ओळखायची म्हणजे कंडक्टरला विचारायचं आणि त्याची बोलणी खायची, एवढंच माहीत. पाटी वाचता आली तशी ती सगळ्यांना सांगू लागली, कोणती गाडी कुठली.

एकदा गडचिरोलीची गाडी भरली होती. यशोदाबाईने पाटी वाचली, आत शिरली आणि म्हणाली, "उतरा सारे. हे गाडी मुरूमगावले जाऊन राह्यली." सगळे उतरले. गाडी रिकामीच गडचिरोलीला गेली. बाईचं वाचन चोख होतं, पाटी बदलायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर माझ्यापुढे उभा. "मॅडम, तुमी याईले वाचाले काऊन शिकवून राह्यल्या?"

यशोदाबाईच बोलली, "मंग पाटी बराबर लावत जा ना भाऊ." मी पुस्तकात तोंड घातलं.

*

तिकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण वाचायचंही नाही? पुस्तकात होतं, 'गणपत बाजारात गेला. गणपतने मीठ आणलं.' एकीने घडाघडा वाचलं, "आमच्या घरचे बाजारात गेले. आमच्या घरच्यायनं मीठ आनलं."

तिचा नवराही गणपत! मग एकेकीला बाजूला घेऊन तिच्याकडून शेजारणींच्या नवऱ्यांची नावं काढून घेतली, आणि सगळ्या पुस्तकांतली ती नावं खोडली. शेवटी धड्यांत गायीम्हशी तेवढ्या उरल्या.

*

आता हा शेवटचा. हा सांगताना मध्ये कोणी हसू नका.

कौसल्या वर्गातली सगळ्यात हुशार. वय पंचविसेक, दोन लेकरं, नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेला. सासू भागाबाई रोज तिच्याबरोबर यायची आणि खांबाला टेकून बसायची. शिकायला नाही, सुनेवर नजर ठेवायला. गावात अंगणवाडी होणार होती, मदतनीस हवी होती, आणि वाचता येणं ही अट होती. ही नोकरी हुकली तर कौसल्याला लेकरं घेऊन दूर कुठेतरी मजुरीला जावं लागणार होतं. पण ती वाचणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

त्या नोकरीसाठी वाचन तपासायला साहेब आले ते स्वतःचं कोरं, काही न खोडलेलं पुस्तक घेऊन. मधलंच पान उघडून म्हणाले, "इथून वाचा." मी डोकावले. 'दशरथ झाड लावतो.' दशरथ म्हणजे कौसल्याचा नवरा.

ती पानाकडे बघत राहिली.

"साहेब, दुसरं पान द्या," मी म्हटलं.

"पाठ केलेलं पान नको मला, बाई."

"अहो, तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते."

"असेल. वाचता येतं की नाही, तेवढं मला बघू द्या." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला त्या माणसाचा असा संताप आला! पण कौसल्याचे ओठ हलेनात, आणि बाकीच्या जणी खाली माना घालून बसल्या.

तेवढ्यात भागाबाई उठली. दोन वर्षांत त्या घरात कोणी ते नाव काढलं नव्हतं, तिने स्वतःही नाही. आता ही सुनेला हाताला धरून घरी नेणार, असंच मला वाटलं. ती येऊन सुनेशेजारी बसली.

"कुठी लिवलं हाये?"

कौसल्याने बोट ठेवलं. भागाबाईने त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"वाच."

"आत्याबाई, मी कशी वाचू?"

"म्या ठेवलं हाये ते नाव. मी वाच म्हंतो."

कौसल्याने वाचलं, "दशरथ झाड लावतो." साहेबांनी कागदावर 'वाचता येतं' असं लिहिलं आणि पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

भागाबाईने पुस्तक सोडलं नाही.

"आनखी एक डाव वाच," ती म्हणाली.