धाकटीच्या परसातला पाचोळा

आमची धाकटी जाऊ चांगली आहे असं सगळे म्हणतात. चारचौघांत मीही म्हणते. न म्हणून करते काय? पण ती चांगली आहे, हेच तर माझं दुखणं आहे.

दिवसभर लॉंड्रीत उभी राहून इस्त्री करते. संध्याकाळी पाय भरून आलेले असतात, तरी घरात शिरायच्या आधी परसात जाते. आम्हा दोघींची घरं लागून आहेत, मागे मध्ये कमरेएवढी भिंत. माझं परस आरशासारखं लख्ख, पान पडलं की उचललं. तिचं म्हणजे उकिरडा! थंडी सुरू झाली की माणसं साफसफाई करतात, ही बाई पसारा मांडते. कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग, आणि त्याला हात लावायचा नाही, कारण खाली म्हणे बेडूक झोपलाय. वाळलेली सूर्यफुलं तशीच उभी, चिमण्यांना बिया हव्यात म्हणून. कुजक्या ओंडक्यांची रास, पालथ्या घातलेल्या फुटक्या कुंड्या. सकाळी पसरट थाळीत खडे टाकून कोमट पाणी. माणसांचा चहा त्यानंतर.

"ताई, थंडीत त्यांना जागाच उरत नाही हो कुठे," ती मला म्हणाली.

"तुझ्या घरी बरी उरते," मी म्हटलं. तर हसली. टोमणा मारावा आणि समोरच्यानं हसावं, यासारखा वैताग नाही.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण मध्ये बाबा आले.

बाबा म्हणजे आमचे सासरे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधा टाका येत नव्हता, त्यांनी मशीनवर बसवलं, कात्री हातात दिली. आता माझं दुकान घरातच आहे, शाळेच्या गणवेशांचं काम असतं. बाबा सहा महिने धाकटीकडे, सहा माझ्याकडे. हिवाळा माझा. माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून काजं करायची, बटणं लावायची आणि माझ्या चुका काढायच्या, हा त्यांचा हिवाळा. यंदा मी त्यांची गादी उन्हात घातली, रजईला नवा अभ्रा शिवला, आणि बाबा धाकटीच्या दारातून म्हणाले, "मोठी, यंदा थंडीभर इथेच राहतो. खिडकीतून पाखरं दिसतात."

पाखरं! माझ्या वीस वर्षांपुढे पाखरं!

मग मीही इरेला पेटले. बाजारातून रंगवलेलं लाकडी घरटं आणलं, चिनीमातीचं भांडं आणलं, दाणे टाकले. चिमणी फिरकली तर शपथ. आमचे हे म्हणाले, "तू दर तासाला झाडू घेऊन उभी, कोण येणार?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तेवढ्यात मला युक्ती सुचली. धाकटीकडे नाही असं माझ्याकडे काय आहे? दोरे. मशीनखाली पिशवीभर साठतात. त्यांचा मऊसूत गोळा केला आणि घरट्याच्या तोंडाशी अडकवला. ऊब मिळेल, पाखरं येतील, बाबांची खुर्ची माझ्या खिडकीशी येईल.

पाखरं आली बरं का. चार दिवसांत अर्धा गोळा पळवला. मी नाचायचीच बाकी होते.

पाचव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून धाकटीची हाक आली. "ताई, तुमची छोटी कात्री घेऊन या, लवकर!"

तिच्या ओंजळीत चिमणी होती. दोन्ही पायांना निळा नायलॉनचा दोरा करकचून आवळलेला, एक पाय सुजलेला. तो निळा रंग मी झोपेतही ओळखेन.

बाबा खुर्चीतून उठून दारात आले. धाकटीनं चिमणी अलगद धरली, मी कात्रीचं टोक दोऱ्याखाली सरकवलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. कातडीला कात्री लागू दिली नाही. सुटल्यावर ती क्षणभर तशीच बसली, मग भुर्रकन उडून सूर्यफुलांत शिरली. माझ्या घरट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुठल्या तरी पोत्याचा दोरा असेल, बाबा," धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली.

बाबांनी तुकडा उचलला, चिमटीत फिरवला. चाळीस वर्षं दोऱ्यात घालवलेला माणूस. "हो," म्हणाले, "पोत्याचाच दिसतो."

दोघं मिळून मला सांभाळून घेत होते! माझे सासरे माझ्यासाठी खोटं बोलत होते, आणि तेसुद्धा तिच्या बाजूला उभं राहून. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"पोत्याचा कसला? माझा आहे," मी ओरडलेच. "गणवेशाचा. मीच टांगला. तुम्ही इकडे यावं म्हणून टांगला!"

बाबांनी हातातला तुकडा खाली टाकला. मग असे कडाडले, की सूर्यफुलांतल्या सगळ्या चिमण्या उडाल्या.

"धांदरट! दोरा बोटभर तुकडे केल्याशिवाय टाकायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना? वीस वर्षं काय माती खाल्लीस? चल, दाखव मला काय पसारा घातलायस दुकानात!"

आणि चपला शोधायला लागले. वाटेत शिलाईवरून बोलले, मशीनला तेल नसेल म्हणून बोलले, जाड सुई वापरतेस म्हणून बोलले. मी मान खाली घालून ऐकत होते, डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. धाकटीला त्यांनी आजवर एक वाकडा शब्द ऐकवलेला नाही. रागावतात ते आपल्या माणसाला, पाहुणीला कोण रागावतं?

फाटकाशी मी मागे वळून पाहिलं. धाकटी रिकामी ओंजळ तशीच धरून आमच्याकडे बघत होती. ती नजर मी लगेच ओळखली. यंदा थंडीभर आरशात तीच बघत होते.